आमटीला ‘ध’

आमच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला गुण दिले ते २००८ साली, आणि तेही माझ्या बायकोच्या आमटीला. तिने भुरका मारला, डोळे मिटले, एक जाहिरात मावेल इतका वेळ कुणाकडेच पाहिलं नाही आणि मग म्हणाली, ‘‘ध.’’

बायकोचा डाव हातातच राहिला. ‘‘नी का नाही?’’

‘‘फोडणी सुरेख लागली होती गं. पण गुळाच्या जागेवर किंचित घसरलीस. पुढच्या वेळी तयारीने ये.’’

पुढची वेळ म्हणजे त्याच दिवशी रात्री.

त्या वर्षी झी मराठीवर ‘सा रे ग म प’चे लिटिल चॅम्प्स आले होते. सूत्रसंचालन पल्लवी जोशींचं, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. गुण आकड्यांत नव्हते, स्वरांत होते. ध म्हणजे बरं, नी म्हणजे छानच, आणि गाणं थेट काळजाला भिडलं तर वरचा सा. गणितात आयुष्यभर पस्तीसच्या आसपास घुटमळलेल्या माझ्यासारख्याला ही पद्धत फार माणुसकीची वाटली. पस्तीस म्हटलं की पोटात गोळा येतो. ‘ग’ म्हटलं की निदान गोड तरी वाटतं. आठवड्याभरात आमच्या घरात इस्त्रीवाल्याला म, मोलकरणीच्या भांड्यांना प आणि माझ्या घोरण्याला खालचा सा मिळाला.

आईला हे पद मानवलं. लग्नानंतरची पस्तीस वर्षं तिला सगळी गुण देणारीच माणसं भेटली होती. सासू, दोन नणंदा, शिवाय पानावर बसून एक शब्द न बोलता गुण कापणारे माझे वडील. आता दिवाणावर पाय वर घेऊन बसलेली ती परीक्षक होती, आणि समोरच्या पोरांना उलटं बोलायची सोय नव्हती.

आमची इमारत बदलापूर पश्चिमेला. रेल्वेच्या हिशेबाने मुंबईपासून अडुसष्ट किलोमीटर. बिल्डर म्हणाला होता, दादरपासून सव्वा तास. तेही खरं असेल, मध्यरात्री. त्या काळात भारनियमन जोरात होतं, आणि मुग्धा वैशंपायन मंचावर यायला आणि आमचे दिवे जायला नेहमी एकच गाठ पडायची. अख्ख्या इमारतीत इन्व्हर्टर एक, तळमजल्यावरच्या काकूंकडे. त्याच्यावर टीव्ही चालायचा किंवा पंखा. दोन्ही लावलं की तो कुत्र्यासारखा गुरगुरून गप्प व्हायचा. काकूंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, ‘‘वारा काय, उद्याही येईल.’’ त्यामुळे दहा बाय बाराच्या हॉलमध्ये एकोणीस माणसं, एक तान्हं मूल आणि एक कासवछाप अशा सरंजामात आम्ही ते गाणं ऐकलं.

ऐकलं असं आपलं म्हणायचं. गाणं सुरू झालं की सगळे बोलायला लागत आणि परीक्षक बोलायला लागले की चिडीचूप. मला हे आधी विचित्र वाटायचं. मग लक्षात आलं, गाणी तर लोक रेडिओवर जन्मभर ऐकत आले होते. गाणं झाल्यावर ते कसं झालं हे एखाद्या जाणत्याने सांगावं, आणि ते आपल्याला आधीच कळलेलं असावं, ही चैन नवी होती. खिडक्यांच्या जाळ्या बनवणारे एक काका होते. अंतरा संपता संपता ते हमखास म्हणायचे, ‘‘श्वास तुटला.’’ कुणाचाही, कुठलंही गाणं असो. दहातल्या दोन वेळा परीक्षकांच्या तोंडून श्वासाबद्दल काहीतरी निघायचंच. मग काका मान वळवून एकोणीस जणांकडे एकेक करून पाहायचे. उरलेल्या आठ वेळा ते पाणी प्यायला उठायचे.

आणि पाणी यायचं तेही नेमकं याच वेळेला. आमच्याकडे नळाला पाणी येणं हाही कार्यक्रमच असतो. वेळ जाहीर, प्रक्षेपण बेभरवशाचं. रोहित राऊत वरच्या पट्टीला हात घालतोय तोच जिन्यातून आरोळी, ‘‘पाणी आलंऽऽ!’’ एकोणिसातले अकरा उठून बादल्यांकडे धावायचे. बसून राहिलेले आठ जण खरे रसिक, असा माझा बरेच दिवस समज होता. नंतर कळलं, त्यांच्या घरात साठवणीच्या टाक्या होत्या.

पाच मुलं उरली तेव्हा इमारतीची फाळणी झाली. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन. बदलापुरात गावठाणातली जुनी घरं सोडली तर मूळचं बदलापूरचं असं फारसं कुणी नसतं. पहिला मजला गुहागर, दुसरा बार्शी, तिसरा नारायण पेठेतून भाडं परवडेना म्हणून आलेला. बारा-बारा वर्षांत ज्यांनी गावाला पत्र टाकलं नव्हतं त्यांना अचानक गावाचा उमेदवार सापडला. पंचाईत झाली ती कोकणवाल्यांची. प्रथमेशही त्यांचा, मुग्धाही त्यांची. मतं फुटणार म्हणून गच्चीवर बैठक झाली, चहा झाला, तोडगा निघाला नाही. पुढे २०२३च्या डिसेंबरात त्या दोघांनी एकमेकांशी लग्न केलं तेव्हा त्याच बैठकीतले एक काका पेपर खाली ठेवून हळहळले, ‘‘ही युती तेव्हाच झाली असती तर निकाल वेगळा लागला असता.’’

काकूंची प्रतिक्रिया मात्र निराळी होती. ‘‘लग्न? अहो, काल-परवापर्यंत फ्रॉकमध्ये होती ती!’’ मग त्यांनी बोटं मोजली, पंधरा वर्षं भरली, आणि त्या थोडा वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसल्या.

मतदान मोबाइलवर होतं, आणि तो एसएमएस साध्या एसएमएसपेक्षा महाग. वडिलांचा नोकिया आईच्या हातात आला. पहिलं मत कार्तिकीला. मग आर्याला काय वाटेल, म्हणून आर्याला. मग रोहितची आई रडताना दाखवली, म्हणून रोहितला. अशी पाचही जणांना एकेक. मी तिला हिशेब समजावायला गेलो. ‘‘आई, सगळ्यांना दिलंस म्हणजे कुणालाच दिलं नाहीस.’’

‘‘पोरं आहेत ती. एकाच्या हातावर लाडू ठेवला तर बाकीची तोंडाकडे बघत बसतील.’’

वडिलांनी जन्मात एकदाच मत दिलं. टाइप करताना त्यांनी कुठूनसा एक २ घुसवला आणि तो संदेश दूधवाल्याला गेला. दूधवाल्याने सकाळी दोन लिटर जास्तीचं टाकलं. त्या दिवशी आमच्याकडे खरवसासारखं दिसणारं काहीतरी झालं आणि त्याला रे मिळाला.

२००९च्या फेब्रुवारीत महाअंतिम सोहळा झाला आणि कार्तिकी जिंकली. आमच्या मजल्यावर दोन दारं आपटली, एका घरातून पेढे आले आणि मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीच्या चिंतेत झोपलो.

ज्यांनी बदलापूरहून सुटणारी सकाळची लोकल पाहिलेली नाही त्यांनी ‘महाचर्चा’ हा शब्द वापरू नये. कागदावर ती रिकामी सुटते. प्रत्यक्षात अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी आधीच्या गाडीने उलटी येऊन, आमच्या भाषेत ‘रिटर्न मारून’, खिडक्या धरून बसलेली असतात. त्यामुळे चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवलेला बदलापूरकर आणि खिडकीत ऐसपैस बसलेला अंबरनाथकर यांच्यात मुळातच स्पर्धक आणि परीक्षकाचं नातं असतं. त्या सकाळी गाडी हलली आणि अंबरनाथ यायच्या आत ‘सगळं आधीच ठरलेलं होतं’ हा ठराव एकमताने मंजूर झाला. काय ठरलेलं होतं यावर मात्र दोन तट पडले. आर्याचे लोक म्हणत, कार्तिकीला जिंकवायचं ठरलं होतं. प्रथमेशचे म्हणत, प्रथमेशला हरवायचं ठरलं होतं. वरकरणी एकच गोष्ट, पण यावरून विठ्ठलवाडीपर्यंत आवाज चढले. सगळ्यात तावातावाने बोलणाऱ्या गृहस्थांकडे आदल्या रात्री वीजच नव्हती, हे त्यांनी स्वतःच कल्याण यायच्या आत कबूल केलं.

उल्हासनगरला एक सिंधी शेठ चढायचे. कॅम्प पाचमध्ये जीन्सचा कारखाना, मशीद बंदरला रोजची फेरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘साईं, एक को क्यूं जिताया? पाचों को जिता देते. पाच गांव में प्रोग्राम लगता.’’ सगळे हसले. पुढे ती पाच मुलं ‘पंचरत्न’ म्हणून एकत्र कार्यक्रम करायला लागली, तेव्हा मला शेठ आठवले. आमच्या डब्यात संगीत कळणारे तीसेक जण होते. धंदा कळणारा तेवढा एकच.

कल्याणनंतर चर्चा आपोआप थांबते. कल्याणला चढलेला छातीवर असतो आणि डोंबिवलीला चढलेला पाठीवर. मत मांडायला माणसाचा निदान एक हात मोकळा लागतो.

त्या डब्यात एक भजनी मंडळही होतं. वीस वर्षं टाळ-मृदंगावर गाणारी माणसं. कुणी बॅंकेत, कुणी गोदीत. इतक्या वर्षांत त्यांना कुणी बरं म्हटलं नव्हतं की वाईट. बुवांचा अभंग म्हणजे गाडीच्या खडखडाटासारखाच, असला तर असला. त्या दिवसांत कुणीतरी उत्साहाने म्हणालं, ‘‘बुवा, आज वरचा सा!’’ बुवा संकोचून हसले. दुसऱ्या दिवशी दुसरा म्हणाला, ‘‘आज जरा धच वाटला.’’ बुवांनी टाळ मांडीवर ठेवले. ‘‘आम्ही ज्याच्यासाठी गातो त्याचा अजून एसएमएस आलेला नाही,’’ म्हणाले आणि पुढचा अभंग उचलला. डब्यातल्या गुणदानाची परंपरा तिथेच खंडित झाली.

घरातली मात्र फोफावली. हिंदी कार्यक्रमांनी तिला खतपाणी घातलं. २०२१ साली घरात कोंडलेले आम्ही ‘इंडियन आयडॉल’चं बारावं पर्व पाहत होतो. किशोर कुमारांच्या गाण्यांचा खास भाग झाला, त्याला त्यांचे चिरंजीव अमित कुमार पाहुणे. त्यांनी प्रत्येकाचं तोंड भरून कौतुक केलं आणि नंतर मुलाखतीत सांगून टाकलं की सगळ्यांची स्तुती करा असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, आपल्याला काही तो भाग आवडला नाही. झालं! देशभर लोक खवळले. आमच्याकडे भाच्याने, बायकोने, जाळीवाल्या काकांनी फसवणूक झाल्याचं जाहीर केलं. आई एकटी शांत होती.

‘‘त्यात काय एवढं? श्राद्धाचं जेवण असतं ते. वाटली डाळ खारट झाली तरी गुरुजी ‘उत्तम, उत्तम’च म्हणतात. तो बिचारा बापाच्या नावाने जेवायला आला होता.’’

मी आजपर्यंत या प्रकरणावर जे काही वाचलं त्यात याहून नेमकं काही आढळलं नाही. त्याच पर्वाचा शेवटचा भाग १५ ऑगस्टला बारा तास चालला, पवनदीप राजन जिंकला. बारा तासांत आमच्याकडे दोनदा पाणी येऊन गेलं, यावरून त्या भागाची लांबी स्थानिक वाचकांच्या लक्षात येईल.

प्रेक्षकाला गाण्याबरोबर दुःख लागतं हेही मी याच दिवाणावर शिकलो. मुलगा नुसता सुरेल असेल तर आमच्याकडे कुणी पापड भाजायचं थांबवत नाही. पण व्हायोलिन सुरू झालं, चित्र काळंपांढरं झालं, कौलारू घर दिसलं की गॅस बंद. एकदा एका खात्यापित्या घरच्या मुलाचा फ्लॅट दाखवला तर काकूंनी नाक मुरडलं, ‘‘याला कशाला गायला पाहिजे?’’ माझा भाचा अशाच एका कार्यक्रमाच्या निवड चाचणीला गेला होता. गाणं ठीक झालं. मग तिथल्या मुलीने वही उघडून विचारलं, ‘‘तुझा संघर्ष काय?’’ याचे वडील सरकारी नोकरीत, आई शिक्षिका, स्वतःच्या खोलीत एसी. तो बराच वेळ आठवत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘‘मी रोज बदलापूरहून अप-डाऊन करतो.’’ मुलीने पेन खाली ठेवलं. म्हणे तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती टिटवाळ्याची निघाली.

निवड झाली नाही. पण आमच्या गणपतीत त्याला सूत्रसंचालक म्हणून बढती मिळाली, आणि इथे मला माझ्याही पापाची कबुली द्यायला हवी. सोसायटीच्या ‘कराओके महासंग्राम’ला मी परीक्षक होतो. पात्रता विचाराल तर लहानपणी मी तबल्याची प्रारंभिक परीक्षा दिली होती. सहपरीक्षक होते केटरर, कारण महाप्रसादाची जिलेबी त्यांनी फुकट दिली होती. पार्किंगमध्ये मंडप, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर आमच्या दोघांचे फोटो, त्यात माझ्या फोटोच्या जागी चुकून माझ्या मेव्हण्याचा.

खुर्चीत बसलो आणि मला काय झालं कळलं नाही. घरी मी साधा माणूस आहे. समोर एक सातवीतली मुलगी गाऊन थांबली आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘बेटा, गाणं छान होतं, पण मला त्या गाण्यात तू दिसली नाहीस.’’ मुलगी घाबरून एक पाऊल पुढे आली, दिव्याखाली. ‘‘आता दिसते का, काका?’’

केटररांची पद्धत सुटसुटीत होती. आवडलं तर ‘‘कडक!’’, नाही आवडलं तर ‘‘अजून पाच मिनिटं गॅसवर पाहिजे होतं.’’ प्रेक्षकांना त्यांचंच पटत होतं.

सहावे स्पर्धक आले ते टाकीवाले काका. म्हणजे आमच्या इमारतीच्या टाकीचा कॉक फिरवण्याचं काम ज्यांनी निवृत्तीनंतर आपण होऊन अंगावर घेतलं ते. भाच्याने माइक पुढे करून आवाज जड केला, ‘‘काका, तुमचा संघर्ष सांगा.’’

‘‘संघर्ष कसला? तिसऱ्या मजल्याला प्रेशर येत नाही.’’

टाळ्या पडल्या. काकांनी मुकेशचं एक संथ गाणं धरलं. आवाज थोडा नाकात, पण माणूस मनापासून गात होता. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, आणि मंडपामागे पाइपात ती ओळखीची गुरगुर सुरू झाली. पाणी! काकांनी माइक भाच्याच्या हातात दिला, लेंगा वर खोचला आणि ते निघून गेले. ट्रॅक चालूच. व्हायोलिनं वाजताहेत, दुसरा अंतरा एकटाच पुढे चाललाय, आणि आम्ही दीडशे माणसं कॉक उघडल्याचा आवाज यायची वाट बघतोय. कर्रर्र, कर्रर्र, धप. मोटर सुरू झाली. काका परत आले, ओला हात सदऱ्याला पुसला, माइक घेतला आणि तिसऱ्या अंतऱ्याची ओळ बरोबर समेवर उचलली.

मंडप उभा राहिला. माझ्याही अंगावर काटा आला. मी आयुष्यात एकदाच मनापासून वरचा सा दिला, तो त्या रात्री. केटररांनी उठून काकांना जिलेबी भरवली.

जिंकली सेक्रेटरींची नात. निकाल व्हॉट्सॲपवरच्या मतदानाने लागायचा होता, आणि बत्तीस फ्लॅटच्या इमारतीत मतं पडली एकशे सतरा. ग्रुपमध्ये रातोरात सांगली, सुरत आणि एक शारजा असे नंबर दाखल झाले होते. ‘‘जनतेचा कौल,’’ सेक्रेटरी म्हणाले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पेन्सिलने लिहिलेलं होतं : परीक्षक विकले गेले. मला त्या संध्याकाळी प्रसादाचे दोन मोदक जास्त मिळाले होते एवढं मात्र खरं. टाकीवाल्या काकांनी निकाल खिलाडूपणाने घेतला. फक्त सेक्रेटरींच्या विंगला आठवडाभर पाणी अर्धा तास उशिरा चढत होतं.

भांडणाच्या कार्यक्रमांबद्दल मी फार बोलणार नाही. ज्याने सोसायटीची वार्षिक सभा पाहिली त्याला ‘बिग बॉस’ फार तर तालमीसारखा वाटतो. पण एक गोष्ट सांगतो. २००५ साली पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला अभिजीत सावंत. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंनी पगारातले पैसे मोडून त्याला मतं दिली होती. मराठी मुलगा म्हणून, आणि थोडं दिसायला बरा म्हणूनही. २०२४मध्ये तोच अभिजीत ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात शेवटच्या दोघांत पोचला. समोर बारामतीकडचा सूरज चव्हाण, मोबाइलवरच्या रील्समधून आलेला. ताईंनी पुन्हा कंबर कसली. घरात त्यांची मुलगी सूरजची. जेवणाच्या टेबलावर आठ दिवस अबोला. सूरज जिंकला, अभिजीत दुसरा आला. ताई म्हणाल्या, ‘‘वीस वर्षांपूर्वी गाऊन जिंकला, आता घरात नीट वागूनही दुसराच.’’ आणि नवऱ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की तो उठून गॅलरीत गेला.

आईच्या पाच मतांचा हिशेब मात्र जुळला. २०२१ला लिटिल चॅम्प्स पुन्हा सुरू झाले आणि ज्युरीच्या खुर्च्यांवर बसले कोण, तर तेच पाच जण. कार्तिकी, प्रथमेश, रोहित, आर्या, मुग्धा. आईने चष्मा पुसला, एकेकाला मोजलं आणि माझ्याकडे वळली. ‘‘एकालाच दिलं असतं तर एकच खुर्ची भरली असती.’’

तर हे सगळे कार्यक्रम आले आणि गेले. आमच्याकडची खरी जुनी स्पर्धा १९७२पासून चालू आहे आणि तिचं नाव बारवी धरण. औद्योगिक विकास महामंडळाने ते कारखान्यांसाठी बांधलं. आज कारखान्यांबरोबर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरपासून कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरपर्यंतची माणसं त्याच्यावर तहान भागवतात. धरणातून सुटलेलं पाणी बारवी नदीने उल्हास नदीत येतं, जांभूळला उपसून शुद्ध होतं आणि मग निघतं आमच्या टाकीवाल्या काकांना भेटायला. पाऊस सुरू झाला की ग्रुपवर रोज सकाळी पातळी येते. आमच्या इमारतीत दहावीच्या मुलाचे टक्के विचारताना लोक चाचरतात, बारवीचे बेधडक विचारतात. जुलैत पाऊस ओढला की जाळीवाले काका म्हणणार, ‘‘श्वास तुटला.’’ एका रात्रीत मीटरभर पाणी वाढलं की काकू म्हणणार, ‘‘कमबॅक बघा पोरीचं!’’ उंची वाढवल्यापासून ७२.६० मीटर ही अंतिम फेरी. तेव्हा पोटात ३३८.८४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. तिथे पोचलं की स्वयंचलित दरवाजे आपले आपण उघडतात. सूत्रसंचालक नाही, लिफाफा नाही, ‘एका छोट्याशा विश्रांतीनंतर’ नाही. शारजाहून कुणी कितीही मतं पाठवली तरी एक सेंटिमीटर इकडचं तिकडे होत नाही.

उंची वाढवताना तोंडली, काचकोली, मोहघर अशी मुरबाडकडची गावं पाण्यात गेली. तिथल्या माणसांचं पुनर्वसन व्हायचं होतं म्हणून वाढीव पाणी कितीतरी वर्षं अडूनही राहिलं होतं. स्पर्धेतून बाहेर पडताना टीव्हीवरच्या मुलाला निदान सगळ्यांच्या गळ्यात पडून रडायला देतात. या गावांबद्दल आमच्या दिवाणावर कुणी बोलत नाही. मीही गणपतीच्या फ्लेक्सखाली बसलो होतो तेव्हा बोललो नव्हतो.

परवाच्या पावसाळ्यात धरण भरल्याची बातमी आली आणि आईने हट्ट धरला. तिला आता ऐंशी होतील. मुळगावच्या खंडोबाला जायचं निमित्त काढून आम्ही रिक्षा केली आणि तशीच पुढे दामटली. पावसाळ्यात तिथे बंदी असते. पोलिसांनी रस्त्यावरच अडवलं. आमच्याआधी पन्नासेक माणसं तिथे छत्र्या घेऊन उभी होती. उल्हासनगरहून आलेलं एक कुटुंब मक्याची कणसं खात होतं. कुणी मोबाइल उंच धरला होता. पाणी झाडांमागून थोडं दिसत होतं, पण आवाज मात्र पायांतून वर चढत होता.

‘‘आज्जी, रिक्षातच बसा,’’ हवालदार म्हणाला. आई उतरली. काठी चिखलात रोवली, डोळे मिटले आणि एक जाहिरात मावेल इतका वेळ उभी राहिली. मक्याचं कणीस खाणारा मुलगा खायचं थांबून तिच्याकडे बघायला लागला.

‘‘आवाज दांडगा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ताल धरत नाही.’’

‘‘किती देतेस?’’

‘‘ध.’’

‘‘एवढ्या पाण्याला नुसता ध?’’

‘‘आधी नळाला येऊ दे,’’ आई म्हणाली आणि रिक्षात बसली.